वाटणीत राहून गेलेल्या विधवा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७
सोबत वाचावे : अनुवाद १०:१७-१९, याकोब १:२७

पहिल्या मंडळीविषयी आपण बोलतो तेव्हा प्रेषितांच्या कृत्यांतील दुसऱ्या व चौथ्या अध्यायांचे चित्र डोळ्यांपुढे असते. सर्व एकचित्त, सर्व काही समाईक, कोणास उणे नाही. परंतु सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात त्याच मंडळीत कुरकुर ऐकू येते. लूकाने ती झाकून ठेवलेली नाही. शिष्यांची संख्या वाढत होती त्याच दिवसांत ती सुरू झाली, असे तो सरळ लिहितो.

तक्रार काय होती?

हेल्लेणी व इब्री हे दोघेही यहूदी, दोघेही प्रभूवर विश्वास ठेवणारे. फरक मुख्यतः भाषेचा व रीतिभातीचा होता. इब्री हे अरामी बोलणारे, बहुतेक त्याच देशात वाढलेले. हेल्लेणी हे ग्रीक बोलणारे, त्यांची घराणी दूरदेशी राहिलेली. १९१३-१४ साली यरुशलेमेतील उत्खननात एक ग्रीक शिलालेख सापडला. थिओदोतस नावाच्या याजकाने तेथे सभास्थान बांधले आणि परदेशाहून येणाऱ्यांच्या मुक्कामाची व पाण्याची सोय केली, असे त्यात कोरले आहे. यावरून पवित्र नगरात ग्रीक बोलणाऱ्यांची वस्ती होती हे कळते. उतारवयात तेथे येऊन राहिलेल्या एखाद्या स्त्रीचा पती वारला, तर जवळ नातेवाईक कोण असणार? तिला मंडळीचाच आधार. आणि दररोजच्या वाटणीत नेमकी तिचीच आठवण राहत नसे.

कोणी मुद्दाम दुष्टपणा केला असे लूक म्हणत नाही. वाटणारे बहुधा ओळखीच्या घरांत जात असावेत, आणि ओळख आपल्या भाषेच्या माणसांशीच अधिक असते. तथापि मनात वाईट नव्हते एवढ्याने विधवेचे पोट भरत नाही. विधवा, अनाथ व परदेशी यांचा कैवार देव स्वतः घेतो असे नियमशास्त्र सांगते. म्हणून हा प्रश्न केवळ व्यवस्थेचा नव्हता, देवाच्या आज्ञेचा होता.

प्रेषितांनी काय केले?

पहिली गोष्ट, त्यांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. तुमचा विश्वास कमी आहे, असे ते म्हणाले नाहीत. हेल्लेण्यांनी आपली वेगळी मंडळी करावी, असेही त्यांनी सुचवले नाही. दोन्ही वाटा सोप्या होत्या. दोन्ही त्यांनी टाळल्या.

दुसरी गोष्ट, त्यांनी सर्व मंडळीला बोलावले व निवड तिच्यावर सोपवली. निवडायची माणसे प्रतिष्ठित, आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असावीत एवढीच अट घातली. अन्नवाटपाच्या कामालाही आत्म्याने भरलेला मनुष्य लागतो, हे येथे लक्षात ठेवावे. मूळ ग्रीकमध्ये पहिल्या वचनातील वाटणीला व चौथ्या वचनातील वचनाच्या सेवेला एकच शब्द आहे, दियाकोनिया, म्हणजे सेवा. व्यासपीठावरची सेवा थोर व पंक्तिसेवा हलकी असा भेद या पाठात नाही. काम वेगळे, म्हणून माणसे वेगळी.

तिसरी गोष्ट, निवडलेल्या सातांची नावे पाहावीत. स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही नावे ग्रीक आहेत. त्या काळी इब्री घरांतही ग्रीक नावे ठेवीत. अंद्रिया हे नाव तसेच. म्हणून सातही जण हेल्लेणीच होते असे ठामपणे म्हणता येत नाही. तरी ज्यांची उपेक्षा झाली त्यांच्याच बाजूची माणसे मंडळीने पुढे आणली, असे दिसते. निकलाव तर अंत्युखियाचा, जन्माने यहूदीही नव्हता. इब्री बहुसंख्य असतील, तरी त्यांनी भांडाराची किल्ली दुसऱ्यांच्या हाती दिली. पुढे याच सातांपैकी स्तेफन पहिला रक्तसाक्षी झाला आणि फिलिप्पाने शोमरोनात सुवार्ता नेली.

आपल्या मंडळीत

बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी ख्रिस्ती माणसाला हेल्लेण्यांचे दुःख समजावून सांगावे लागत नाही. भोवतालची भाषा वेगळी, मोठ्या सभांचे कामकाज पुष्कळदा त्याच भाषेत. आपण मागे राहून जातो, आणि तसे बोलूनही दाखवतो. परंतु आपल्या मंदिराच्या चार भिंतींच्या आत आपण इब्री असतो, हे आपण विसरतो.

कानडी किंवा तेलुगू घरातून आलेली सून दर रविवारी येते. उपदेश तिला अर्धाच समजतो, आणि महिला मंडळात तिला प्रार्थना करावयास कोणी सांगत नाही. आपलीच मुले दुसऱ्या लिपीत शिकतात. गीताचे पुस्तक हाती असते, पण ओळी वाचता येत नाहीत. कामधंद्यासाठी आलेले कुटुंब मागच्या बाकावर बसते व आशीर्वाद होताच निघून जाते. गरिबांच्या निधीतून मदत द्यावयाची वेळ आली की जुन्या घराण्यांची नावे चटकन आठवतात. नवी आलेली विधवा कोणाकडे मागावे हेच जाणत नाही.

मग मराठी सोडावी काय? नाही. यरुशलेमेत कोणालाही आपली भाषा टाकावी लागली नाही. ज्या भाषेत आईवडिलांनी प्रार्थना शिकवली ती देवाची देणगी आहे, ती जपावी. पण देणगीचे कुंपण होऊ नये. शास्त्रपाठ मराठीत झाल्यावर तोच दुसऱ्या भाषेत वाचता येईल. निधीची यादी पंच कमिटीने वर्षातून एकदा तरी मोठ्याने वाचावी, आणि यादीत कोण नाही हे विचारावे. मागच्या बाकावरील एखाद्याला, तो योग्य असल्यास, केवळ खुर्च्या मांडावयास नव्हे तर निर्णय घ्यावयास बोलवावे.

सातव्या वचनात लूक सांगतो की देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला, शिष्यांची संख्या फार वाढली, आणि पुष्कळ याजकही विश्वासाला मान्य झाले. वाटणीचा प्रश्न सुटला व वचन पुढे गेले, या दोन गोष्टी त्याने शेजारी शेजारी लिहिल्या आहेत.

वर्गात चर्चेसाठी

१. आपल्या मंडळीत कोणाची तक्रार आपण कुरकुर म्हणून सोडून दिली आहे?
२. गेल्या वर्षात मदत मिळालेल्या व न मिळालेल्या कुटुंबांत काय फरक दिसतो?
३. शब्बाथशाळेतील कोणत्या मुलांना मराठी वाचता येत नाही? त्यांना पाठांतर कसे द्याल?
४. येत्या महिन्यात कोणत्या एका घरी तुम्ही स्वतः जाल?