अनहंवादी नेता

नेत्याच्या नावास तेज कशाने येते, हा प्रश्न हाताखाली चार माणसे असलेल्या प्रत्येकास केव्हातरी पडतोच. आपल्या शब्दास वजन असावे, आपले नाव निघताच सहकाऱ्यांस हुरूप यावा, ही इच्छा कुटुंबप्रमुखास असते, तशीच ती कारखान्याच्या व्यवस्थापकास आणि शाळेच्या मुख्याध्यापकासही असते. ही इच्छा दोषास्पद नव्हे. तिच्या पूर्तीसाठी धरलेला मार्ग मात्र तपासून पाहिला पाहिजे. अलीकडे स्वतःची प्रतिमा घडविणे हे एक स्वतंत्र शास्त्रच होऊन बसले आहे. परंतु सत्कार, मान आणि पूजा यांसाठी दांभिकपणे केलेल्या तपास सतराव्या अध्यायात राजस म्हटले आहे, व त्याचे फळ चंचल आणि अशाश्वत असते असे सांगितले आहे. जे तपास लागू, ते नेतृत्वासही लागू आहे.

मग टिकणारा लौकिक कोणता? तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी लोकसंग्रहाचा विचार मांडला आहे. श्रेष्ठ पुरुष जसे वागतो, तसेच इतर जन वागतात. तो जे प्रमाण मानतो, त्याचेच लोक अनुसरण करतात. येथे श्रेष्ठाच्या भाषणापेक्षा आचरणावर भर आहे, हे ध्यानी घ्यावे. लोकांस उन्मार्गापासून परावृत्त करणे, असा लोकसंग्रहाचा अर्थ श्रीशंकराचार्यांनी भाष्यात केला आहे. म्हणजे लोकांस स्वतःभोवती गोळा करणे हा लोकसंग्रह नव्हे. त्यांस त्यांच्या कर्तव्यात स्थिर करणे हा लोकसंग्रह होय.

असा पुरुष ओळखावा कसा, हे अठराव्या अध्यायातील सात्त्विक कर्त्याच्या लक्षणांवरून कळते. तो आसक्तिरहित असतो, अनहंवादी असतो, धैर्य व उत्साह यांनी युक्त असतो आणि सिद्धी-असिद्धीत निर्विकार राहतो. यांतील ‘अनहंवादी’ हे पद विशेष मननीय आहे. ‘मी केले, मी केले’ असे न म्हणणारा तो अनहंवादी. या लक्षणाची कसोटी अपयशाच्या आणि यशाच्या क्षणी लागते.

याचा एक दृष्टांत भारताच्या अवकाशसंशोधनाच्या इतिहासात आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी आंध्र प्रदेशातील श्रीहरिकोटा येथून एस.एल.व्ही.-३ या भारतीय बनावटीच्या उपग्रहवाहक अग्निबाणाचे पहिले प्रायोगिक उड्डाण झाले. या प्रकल्पाचे संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम, आणि अवकाश संशोधन संस्थेचे अध्यक्ष होते प्रा. सतीश धवन. पहिला टप्पा नीट पार पडला; दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेत बिघाड झाला आणि अनेक वर्षांच्या परिश्रमाचे फळ बंगालच्या उपसागरात बुडाले. उड्डाणापूर्वी संगणकाने धोक्याची सूचना दिली असतानाही पुढे जाण्याचा निर्णय आपलाच होता, हे डॉ. कलाम यांनी पुढे अनेक व्याख्यानांतून मोकळेपणाने सांगितले आहे.

त्या दिवशी वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींसमोर धवन स्वतः गेले. अपयश त्यांनी संस्थाप्रमुख या नात्याने आपल्याकडे घेतले, सहकाऱ्यांवर पूर्ण विश्वास व्यक्त केला आणि पुढील प्रयत्न सफल होईल असे सांगितले. १८ जुलै १९८० रोजी त्याच जातीच्या अग्निबाणाने सुमारे ३५ किलो वजनाचा ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत सोडला. स्वतःच्या सामर्थ्यावर उपग्रह सोडणाऱ्या मोजक्या देशांत भारताची गणना झाली. या वेळी प्रतिनिधींसमोर जाण्यास धवन यांनी कलामांस सांगितले. स्वतः ते मागे राहिले.

येथे एक शंका संभवते. अपयशाच्या वेळी पुढे होऊन दायित्व घेणे हाही ‘मी’चाच उच्चार नव्हे काय? याचे समाधान असे की, ‘मी’ दोन प्रकारचा असतो. एक श्रेयावर हक्क सांगतो, दुसरा भार उचलतो. पहिल्याने अहंकार पुष्ट होतो, दुसऱ्याने तो झिजतो. अनहंवादी पुरुष पहिला ‘मी’ टाकतो आणि प्रसंगी दुसरा स्वीकारतो.

दुसरी शंका अशी की, वडीलधाऱ्याने सर्वांचे दोष आपल्या अंगावर घेतले, तर काम करणारे बेफिकीर होणार नाहीत काय? जगासमोर सहकाऱ्यास पाठीशी घालणे आणि घरात दोषाकडे डोळेझाक करणे या भिन्न गोष्टी आहेत. १९७९ च्या अपयशाची रीतसर चौकशी झाली, नियंत्रणयंत्रणेतील रसायनाची गळती हे कारण शोधून काढले गेले आणि ते दूर केल्यावरच पुढील उड्डाण झाले. चौकशी दोषाची झाली, माणसाची मानखंडना झाली नाही. म्हणूनच तीच माणसे दुप्पट जोमाने कामास लागली.

धवन यांनी आपल्या नावासाठी काही केल्याचे या प्रसंगात कोठे दिसत नाही. तथापि २००२ साली त्यांच्या देहावसानानंतर श्रीहरिकोट्याच्या केंद्रास त्यांचेच नाव देण्यात आले. ज्याने श्रेय वाटून टाकले, त्याच्याकडे लौकिक न बोलावता चालत आला.

गृहस्थाश्रमी वाचकास अग्निबाण उडवावयाचा नसतो. पण मुलगा परीक्षेत नापास होतो, धाकट्या भावाचा व्यवहार बुडतो, कार्यालयातील कनिष्ठाच्या हातून हिशेब चुकतो. त्या घडीस चारचौघांत वडीलधाऱ्याच्या मुखातून प्रथम कोणाचे नाव निघते, ते घरातील सर्वजण ऐकत असतात. आणि उद्या यश आल्यावर कोणाचे नाव निघते, तेही ते विसरत नाहीत. या दोन क्षणी वाणी सांभाळणे ही साधकाची साधना आहे. तिच्या अभ्यासास मोठ्या पदाची आवश्यकता नाही. आजच्या दिवसातील एक लहानसे अपयश तेवढे पुरेसे आहे.