तरंगते रान

इ. स. १४९२ च्या सप्टेंबरच्या ६ तारखेस कोलंबसाच्या तीन गलबतांनी कॅनरी बेटांचा किनारा सोडला. पश्चिमेकडे जात राहिल्यास पूर्वेकडील देश गाठता येतील, अशी त्याची खात्री होती. खलाशांची तितकीशी नव्हती. १६ तारखेस पाण्यावर शेवाळाचे पुंजके दिसू लागले. दुसऱ्या दिवशी अशाच एका पुंजक्यात एक जिवंत खेकडा सापडला. कोलंबसाला मोठा हर्ष झाला. खेकडा म्हणजे जमीन जवळ असल्याची खूण, असे मानून त्याने तो जपून ठेवला. दोन दिवसांनी २०० वाव दोर पाण्यात सोडून पाहिला, परंतु तळ लागला नाही. पुढे शेवाळ इतके दाटले की, समुद्रावर जणू कुरण पसरले. त्यातच वारा पडला. गलबते येथेच अडकून पडतील, या भीतीने खलाशी कुरकुरू लागले. जमीन दृष्टीस पडली ती १२ ऑक्टोबरला, म्हणजे खेकडा सापडल्यानंतर पंचवीस दिवसांनी!

मग तो खेकडा आला कोठून? तो कोठून आलाच नव्हता. ते शेवाळ हेच त्याचे घर होते.

अटलांटिक महासागराच्या या भागास सारगासो समुद्र म्हणतात. त्याला किनारा नाही. चारही बाजूंनी वाहणारे सागरी प्रवाह हीच त्याची सीमा. आपल्या कोकणच्या खडकांवरही याच कुळातील शेवाळ वाढते, पण ते खडकाला घट्ट धरून असते. सारगासोतील शेवाळाला मूळ नाही आणि बीजही नाही. त्याचा तुकडा मोडला की तोच वाढू लागतो. द्राक्षांएवढ्या किंवा त्याहून लहान अशा हवेच्या फुग्यांमुळे ते पाण्यावर तरंगत राहते.

या रानात लपणे हीच जगण्याची मुख्य विद्या होय. खेकडे, कोळंबी, गोगलगाई या साऱ्यांनी शेवाळाचाच पिवळसर तपकिरी रंग घेतला आहे. शेवाळाचा पुंजका उचलून बादलीत झटकावा, तेव्हा कोठे त्यांची संख्या कळते. या विद्येत सर्वांत निपुण म्हणजे सारगासो मासा. त्याच्या अंगावर पानांसारख्या झालरी लोंबतात, आणि पुढच्या परांनी तो हाताने धरावी तशी फांदी धरतो. भक्ष्य टप्प्यात येईपर्यंत तो हालत नाही. आले की क्षणात ते तोंडात ओढून घेतो. आपल्याच जातीच्या लहान माशालाही तो सोडत नाही. अमेरिकेच्या वाळूत जन्मलेली समुद्रकासवांची पिलेही लाटांतून वाट काढीत येथे पोहोचतात आणि या आडोशाला वाढतात.

परंतु हे घर कायमचे नव्हे. शेवाळ जुने झाले की, त्यावर चिकटून वाढणाऱ्या असंख्य सूक्ष्म जीवांच्या पांढऱ्या कवचांनी ते जड होते आणि हळूहळू बुडू लागते. खाली चार किलोमीटरांहून अधिक खोल अंधार असतो. बुडत्या फांदीवरील खेकड्याला वेळीच ती सोडून पोहत दुसरा आधार गाठावा लागतो. मग तो शेवाळाचा नवा पुंजका असो, वाहत आलेली फळी असो, की एखाद्या कासवाची पाठ असो.