खासगी वैमानिक परवाना : पात्रता, अधिकार आणि मर्यादा

परवाना या संस्थेचा विचार अर्थशास्त्रात बहुधा उद्योगांच्या संदर्भात होतो. १९९१ नंतर औद्योगिक परवाना पद्धती मोठ्या प्रमाणात संपुष्टात आली आणि परवाना म्हणजे विकासातील अडथळा, असे समीकरण रूढ झाले. तथापि काही क्षेत्रांत परवाना हा सार्वजनिक सुरक्षिततेचा पाया असतो. खासगी वैमानिक परवाना हे त्याचे बोलके उदाहरण होय. कोणास विमान चालवू द्यावे, कोणत्या अटींवर आणि कोणत्या मर्यादेपर्यंत, या तीन प्रश्नांची उत्तरे या परवान्यात एकत्र सापडतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतात हौशी उड्डाणाची परंपरा व्यावसायिक विमान वाहतुकीच्या आधीची आहे. मुंबईच्या फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ मध्ये झाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना मानला जातो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळापर्यंत टपाल आणले आणि देशातील नियमित हवाई सेवेचा प्रारंभ झाला. हौशी वैमानिकांचा वर्ग हा पुढे व्यावसायिक क्षेत्राचा मनुष्यबळ-स्रोत ठरतो, हे या इतिहासातून दिसते.

कायदेशीर चौकट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या नोंद क्र. २९ नुसार हवाई मार्ग, विमाने, विमानतळ आणि वैमानिकी शिक्षण व प्रशिक्षण हे विषय केंद्राच्या अखत्यारीत येतात. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. परवान्याच्या तपशीलवार शर्तींची चौकट १९३७ च्या विमान नियमांनी घालून दिली. परवाना देण्याचा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे असून २०२० च्या दुरुस्तीने या यंत्रणेस वैधानिक दर्जा प्राप्त झाला.

या व्यवस्थेला आंतरराष्ट्रीय बाजूही आहे. १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उदयास आली. या कराराच्या परिशिष्ट १ मध्ये विमान कर्मचाऱ्यांच्या परवान्यांची किमान मानके दिली आहेत आणि सदस्य देश आपले नियम त्यांच्याशी सुसंगत ठेवतात.

पात्रता

भारतात प्रशिक्षणार्थी वैमानिक परवाना वयाच्या १६ व्या वर्षी, तर खासगी वैमानिक परवाना १७ व्या वर्षी मिळू शकतो. शैक्षणिक अर्हता इयत्ता दहावी उत्तीर्ण अशी आहे. याशिवाय चार कसोट्या पार कराव्या लागतात.

पहिली, वैद्यकीय योग्यता. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार या परवान्यासाठी द्वितीय श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र पुरते. व्यावसायिक परवान्यासाठी प्रथम श्रेणीचे लागते. वय वाढते तशी पुनर्तपासणी अधिक वेळा करावी लागते.

दुसरी, ज्ञान. हवाई नियम, दिशानिर्देशन, हवामानशास्त्र आणि विमान व इंजिन यांविषयी उमेदवाराची परीक्षा घेतली जाते. तिसरी, अनुभव. किमान ४० तासांचे उड्डाण आवश्यक असते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यात किमान १० तास एकट्याने केलेले उड्डाण हवे आणि त्यांपैकी ५ तास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे असावेत. अशा एका प्रवासाचे एकूण अंतर किमान १५० सागरी मैल, म्हणजे सुमारे २७० किलोमीटर असावे आणि त्यात दोन भिन्न विमानतळांवर उतरून पूर्ण थांबावे, अशी अट आहे. चौथी, कौशल्य. परीक्षकासमोर प्रत्यक्ष उड्डाण करून दाखवावे लागते.

एकट्याने उड्डाणाच्या अटीमागील तर्क समजून घेण्यासारखा आहे. शेजारी प्रशिक्षक असताना चूक सुधारली जाते. एकटेपणी मात्र निर्णय स्वतःच घ्यावा लागतो. परवान्याला खरी पारख त्या निर्णयक्षमतेची करावयाची असते.

अधिकार आणि मर्यादा

परवानाधारक आपल्या परवान्यात नोंदलेल्या प्रकारच्या विमानाचा प्रमुख वैमानिक किंवा सहवैमानिक म्हणून काम करू शकतो. अलीकडच्या काळातील उड्डाण-अनुभवाची अट पूर्ण केल्यास तो प्रवासीही नेऊ शकतो. मात्र मोबदला घेऊन विमान चालविणे किंवा भाडे आकारून प्रवासी नेणे त्यास वर्ज्य आहे. रात्रीच्या उड्डाणासाठी तसेच केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्यासाठी स्वतंत्र अर्हता लागते. रेडिओवरून नियंत्रण कक्षाशी बोलण्यासाठीही वेगळे प्रमाणपत्र आवश्यक असते. त्याविषयीचे अधिकार २०२४ च्या अधिनियमाने दूरसंचार विभागाकडून महासंचालनालयाकडे आणले.

मोबदल्याची ही सीमारेषा या परवान्याचे मर्म आहे. मित्र किंवा नातलग वैमानिकास ओळखतात. तिकीट काढणारा प्रवासी त्याचे कौशल्य पडताळू शकत नाही. अर्थशास्त्रात यास माहितीची विषमता म्हणतात. म्हणून पैसे घेऊन उड्डाण करणाऱ्याकडून राज्यसंस्था अधिक उच्च पातळीची हमी मागते : व्यावसायिक परवान्यासाठी वयाची १८ वर्षे व २०० तास, तर विमान कंपनीत कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या परवान्यासाठी २१ वर्षे व १,५०० तास. दुसरे कारण बाह्य परिणामांचे आहे. विमान कोसळल्यास हानी केवळ आतील व्यक्तींची होत नाही. खालच्या वस्तीचीही होते. त्यामुळेच हौशी वैमानिकालाही परवान्यापासून सूट नाही.

आर्थिक बाजू

विमान, इंधन व प्रशिक्षक यांचा खर्च मोठा असल्याने प्रत्येक तास महाग पडतो. दहावीची अर्हता कागदावर सर्वांना खुली असली, तरी आर्थिक कुवत ही न लिहिलेली पात्रता ठरते. म्हणून करधोरणाचा विचार येथे उचित ठरतो. वस्तू व सेवा कर परिषदेच्या सप्टेंबर २०२४ मधील बैठकीनंतर महासंचालनालयमान्य संस्थांच्या मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रमांना करातून सूट असल्याचे स्पष्ट करण्यात आले. याउलट वैयक्तिक वापराच्या विमानांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. प्रशिक्षणास उत्तेजन आणि चैनीच्या उपभोगावर अधिक भार, असा भेद येथे दिसतो.

खासगी परवाना ही व्यावसायिक परवान्याची अनिवार्य पायरी नाही; प्रशिक्षणार्थी परवान्यावरून थेट पुढे जाता येते. तरीही त्या काळात मिळविलेले तास पुढे उपयोगी पडतात आणि मोठी गुंतवणूक करण्यापूर्वी स्वतःची योग्यता अजमावता येते.

समारोप

अधिकार जितका मोठा आणि इतरांना असणारा धोका जितका अधिक, तितकी पात्रता कठोर, हे श्रेणीबद्ध नियमनाचे सूत्र खासगी वैमानिक परवान्यातून स्पष्ट होते. अभ्यासकांनी कोणत्याही परवान्याचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न विचारावेत : त्यामुळे कोणाचे संरक्षण होते आणि कोण बाहेर राहते? वैमानिकाच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक आहे. कौशल्याअभावी कोणी बाहेर राहिल्यास ते योग्यच. परंतु केवळ पैशाअभावी राहिल्यास त्यावर उपाय शोधणे हे शिष्यवृत्ती, कर्ज व प्रशिक्षण धोरणाचे काम आहे. त्यासाठी सुरक्षिततेच्या अटी शिथिल करणे हा मार्ग नव्हे.