छात्रसेनेतील नेतृत्वाचे धडे

स्वातंत्र्यदिनी शाळेच्या प्रांगणात छात्रसैनिकांचे संचलन पाहून सर्वांनाच समाधान वाटते. तथापि राष्ट्रीय छात्रसेनेचे कार्य संचलनापाशी संपत नाही. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार १९४८ च्या कायद्याने ही संघटना स्थापन झाली. चीनच्या १९६२ मधील आक्रमणानंतर, १९६३ मध्ये, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे शिक्षण सक्तीचे करण्यात आले. १९६८ मध्ये ते पुन्हा ऐच्छिक झाले. छात्रसैनिकावर सैन्यात दाखल होण्याचे बंधन नसते. तेव्हा स्वेच्छेने आलेल्या तरुणाला नेतृत्व शिकवावयाचे, तर ते धाकाने साधणार नाही.

पहिला धडा कवायतीच्या मैदानावरच मिळतो. ‘दाहिने मुड’ या आज्ञेतील पहिला शब्द लांबवून उच्चारतात व दुसरा ठसक्यात. पहिल्या शब्दाने पथकाच्या मनाची तयारी होते, दुसऱ्याने कृती घडते. पूर्वसूचना न देता सोडलेली आज्ञा गोंधळ माजविते. ग्रामसफाई असो वा वृक्षारोपण, काय करावयाचे आणि कशासाठी, हे आधी समजले म्हणजे माणसे मनापासून हात लावतात.

दुसरा धडा पदयात्रेचा. सर्वांत वेगाने चालणारा पुढे निघून गेला, तर पथक विस्कटते. म्हणून नायकाने मागे पडणाऱ्याकडे लक्ष ठेवावे, त्याच्या पायाला फोड आला असल्यास आधी त्याची विचारपूस करावी आणि सर्वांना झेपेल अशी चाल धरावी. मुक्कामास अखेरचा गडी पोहोचेपर्यंत नायकाचे काम पुरे होत नाही.

तिसरा धडा शिबिरातील कामाच्या वाटणीचा. पाणी भरणे, तंबूभोवती चर खणणे, रात्रीचा पहारा ही कामे पाळीपाळीने सर्वांकडे आली पाहिजेत. कष्टाची कामे नेहमी त्याच मुलांकडे आणि मानाची आपल्या मित्रांकडे, असा पक्षपात करणाऱ्याच्या खांद्यावर पदाची पट्टी राहते, परंतु शब्दाला वजन राहत नाही.

चौथा धडा उत्तरदायित्वाचा. चूक पथकातील कोणाचीही असो, वरिष्ठांपुढे उत्तर नायकाने द्यावयाचे. श्रेय मात्र ज्याचे त्याला द्यावयाचे. चुकलेल्याला चारचौघांत अपमानित न करता ते काम त्याच्याकडून पुन्हा नीट करवून घेणे, हीच खरी सुधारणा होय.

या शिक्षणाची कसोटी संकटकाळी लागते. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत वरिष्ठ विभागातील छात्रसैनिकांनी स्वेच्छेने मदतसामग्रीचे वाटप व वाहतूक-नियंत्रण यांत प्रशासनाला साहाय्य केले. असे साहाय्य हवे असेल, तर आधी तरुणांवर विश्वास टाकावा लागतो. पाहुण्यांच्या स्वागतासाठी मुलांना तासन्‌तास उन्हात उभे करणे हा छात्रसेनेचा उपयोग नव्हे. त्याऐवजी शिक्षकांनी दर पंधरवड्याला नायक बदलून लाजऱ्या मुलामुलींनाही संधी द्यावी. ग्रामपंचायतींनी पूररेषेजवळील घरांतील वृद्ध, अपंग व गरोदर स्त्रिया यांची यादी करण्यासारखे एखादे निश्चित काम, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, त्यांच्याकडे सोपवावे आणि झालेल्या कामाचा आढावा त्यांच्याच तोंडून ऐकावा.

दहा जणांची जबाबदारी चोख पार पाडणारा तरुण उद्या गावाची जबाबदारी पेलू शकेल. मात्र ती दहा जणांची जबाबदारी आज त्याच्या हाती देण्याचे काम वडीलधाऱ्यांचे आहे.