माकडताप : जंगलात जाणाऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

सुट्टीत आपल्यापैकी अनेकजण गावी, सहलीला किंवा शिबिराला जातात. सह्याद्रीच्या दक्षिण भागातील जंगलात जाणाऱ्यांना माकडताप या रोगाची माहिती असणे आवश्यक आहे. तिचा आपण थोडक्यात विचार करू.

रोगाची ओळख : १९५७ साली त्यावेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली. पाठोपाठ आसपासच्या गावांतील माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने याचा शोध घेतला, तेव्हा एक नवा विषाणू सापडला. म्हणून या रोगास क्यासनूर जंगल ताप असेही म्हणतात. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात याचे रुग्ण आढळले.

प्रसार कसा होतो : हा विषाणू गोचीड चावल्याने माणसाच्या शरीरात शिरतो. आजारी माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचीड खाली पडतात व ती जागा धोक्याची बनते. गोचिडाचे पिल्लू तिळाएवढे असते, त्यामुळे चटकन दिसत नाही. डिसेंबर ते मे हा काळ विशेष जोखमीचा होय. माणसापासून माणसाला हा रोग होत नाही.

लक्षणे : गोचीड चावल्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांनी थंडी वाजून जोराचा ताप येतो. डोके व अंग खूप दुखते, उलट्या होतात. काहींच्या नाकातोंडातून रक्त येते. शंभरातील ३ ते ५ रुग्ण दगावतात. विषाणूवर खास औषध नाही, परंतु वेळेवर रुग्णालयात दाखल केल्यास प्राण वाचू शकतात.

दक्षता :
१) अंगभर कपडे घालावेत, विजारीची टोके मोज्यात खोचावीत.
२) उघड्या अंगाला कीटकरोधक तेल लावावे. पालापाचोळ्यावर बसू वा झोपू नये.
३) परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करावी, कपडे धुवावेत. काखा, जांघा, कानामागे नीट पाहावे.
४) गोचीड दिसल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. रॉकेल ओतू नये, चटका देऊ नये, बोटांनी चिरडू नये. जागा साबणाने धुवावी.
५) मेलेल्या माकडास हात न लावता आरोग्य केंद्रास किंवा वनखात्यास कळवावे.

काजूच्या बागेत राबणारे व सरपण गोळा करणारे यांना हा धोका रोजचाच आहे. पाहुण्याची अडचण वेगळी. तो चार दिवसांत शहरात परततो आणि ताप घरी आल्यावर चढतो. तेथील डॉक्टरांना मलेरिया वा डेंग्यूची शंका येते, जंगलाची येत नाही. तेव्हा ताप आल्यास मनाने गोळ्या न घेता डॉक्टरांकडे जावे आणि आपण कोठे व केव्हा गेलो होतो, हे त्यांनी विचारण्याआधीच सांगावे. हे एक वाक्य योग्य तपासणीचा मार्ग मोकळा करते. आपण ते लक्षात ठेवू आणि गावाकडच्या आपल्या माणसांनाही सांगू.