‘अपेंडिक्स झालं’ म्हणजे काय झालं?

“शेजारच्या मुलाला अपेंडिक्स झालं,” असे आपण सर्रास म्हणतो. वास्तविक अपेंडिक्स होत नसते. ते बहुतेक प्रत्येकाला जन्मापासूनच असते. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, पोटात उजवीकडे खाली, साधारण आठ-दहा सेंटिमीटर लांबीची आणि एका टोकाला बंद असलेली ही नळी. होते ती तिची सूज, म्हणजे अपेंडिसायटिस.

शब्द मूळचा लॅटिन. ‘पेंडेरे’ म्हणजे टांगणे. त्यावरून ‘अपेंडिक्स’ म्हणजे एखाद्या वस्तूला लोंबत जोडलेली दुसरी वस्तू. घड्याळाचा पेंड्युलम, गळ्यातले पेंडंट, एवढेच काय कचेरीतल्या ‘पेंडिंग’ फायलीसुद्धा याच घराण्यातल्या! पुस्तकाच्या परिशिष्टालाही इंग्रजीत अपेंडिक्सच म्हणतात. या नळीचे पूर्ण नाव ‘व्हर्मिफॉर्म अपेंडिक्स’. ‘व्हर्मिस’ म्हणजे अळी, किडा. वर्मीकंपोस्ट, म्हणजे गांडूळखत, आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहेच. मराठीत मात्र तिला आंत्रपुच्छ, म्हणजे आतड्याचे शेपूट म्हणतात. कोणाला त्यात अळी दिसली, कोणाला शेपूट. पण नावात अळी असली तरी पोटातल्या जंतांशी घोटाळा करू नये. जंताच्या औषधाने ही सूज उतरत नाही.

‘आयटिस’ हे शेपूट ग्रीक. अर्थ दाहयुक्त सूज. १८८६ साली अमेरिकेतील डॉ. रेजिनाल्ड फिट्झ यांनी ‘अपेंडिसायटिस’ हे नाव रूढ केले. तोपर्यंत या दुखण्याचा दोष बहुधा शेजारच्या आतड्यावर जाई. खरा अपराधी हीच नळी आहे आणि शस्त्रक्रिया वेळेवर हवी, हे फिट्झ यांनी ठासून मांडले. १९०२ मध्ये राजे सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असताना याच दुखण्याने तो पुढे ढकलावा लागला. शस्त्रक्रिया झाली, आणि ऑगस्टमध्ये मुकुट चढला.

दुखणे अनेकदा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांत उजवीकडे खाली सरकते. अन्नावरची वासना जाते, मळमळते, बारीक ताप येतो. अशा वेळी एरंडेल किंवा जुलाबाचे औषध देऊ नये, पोट चोळू नये, शेकू नये. नळी फुटण्याचा धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. शस्त्रक्रिया करायची की काही रुग्णांत नुसत्या अँटिबायोटिक औषधांवर भागेल, हे तेच तपासून ठरवतील. आणि तीव्र कळ औषधाशिवाय एकाएकी थांबली, तर ‘बरं वाटलं’ म्हणून घरी बसू नये. नळी फुटल्यावरही काही वेळ असेच हलके वाटते.