मंद हांकेचा लांब पल्ला

हांक दूर जावी म्हणून मोठ्यानें ओरडावें, हें आम्हांस बाळपणापासून ठाऊक. पण ज्यास ओरडतांच येत नाहीं त्यानें काय करावें? १९७७ सालीं निघालेल्या 'व्हॉयेजर २' यानाची अडचण हीच होती. त्याच्या प्रेषकाची शक्ति अवघी वीसेक वॉट, म्हणजे घरांतील मंद दिव्याएवढी. १९७९ सालीं गुरूजवळून तें सेकंदास १,१५,२०० अंक (शून्य वा एक) धाडी. नेपच्यून सुमारें सहापट दूर; अंतर सहापट झालें कीं येथें पोंचणारी शक्ति छत्तिसावा हिस्सा उरते. आणि ती भेट एकदांच व्हावयाची होती!

यानाची शक्ति वाढविणें अशक्य. तेव्हां पृथ्वीचे कान मोठे केले. ६४ मीटर व्यासाच्या तीन तबकड्या ७० मीटरच्या झाल्या. त्यांपैकीं कॅलिफोर्नियांतील एकीशीं न्यू मेक्सिकोंतील २७ तबकड्या जोडल्या. यानासहि सावकाश व मोजकें बोलण्यास दुरूनच शिकविलें. (आम्हांस हें जवळूनहि साधत नाहीं!) प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा सबंध न सांगतां शेजारच्या ठिपक्याहून पडणारा फरक तेवढा तें सांगूं लागलें. २५ ऑगस्ट १९८९ रोजीं यान नेपच्यूनजवळून गेलें. सेकंदास जास्तींत जास्त २१,६०० अंकांनीं चित्रें आलीं, आणि ट्रायटन या चंद्रावर उसळणाऱ्या धारा प्रथमच दिसल्या.